रोब्लॉक्समधली फुकट मॉडेल्स: झाड ठेवा, स्क्रिप्ट काढा

तुमचा प्रश्न मी दोनदा नीट वाचला. तुम्ही रोब्लॉक्स स्टुडिओत, म्हणजे रोब्लॉक्स या ऑनलाइन व्यासपीठासाठी गेम बनवायच्या प्रोग्राममध्ये, कोकणातलं एक गाव उभं करताय. कौलारू घरं, पाणंद, देवळासमोरची दीपमाळ असं सगळं. वेळ वाचावा म्हणून टूलबॉक्समधून, म्हणजे लोकांनी चढवलेल्या तयार वस्तूंच्या भांडारातून, आंब्याचं एक फुकट झाड घेतलंत आणि त्याच्या कॉप्या करून शे-दीडशे ठिकाणी लावल्यात. पंधरा दिवसांनी खेळणाऱ्यांना मध्येच खरेदीची चौकट दिसू लागली आणि काही जण तर गावातून थेट भलत्याच गेममध्ये जाऊन पडले. शोधल्यावर झाडात एक स्क्रिप्ट, म्हणजे कोडचा तुकडा, सापडली, ती तुम्ही डिलीट केलीत, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तुम्ही विचारताय की फुकटच्या वस्तू अजिबात वापरायच्याच नाहीत का.

जरूर वापरायच्या. मी गेली आठ वर्षं लहान-मोठ्या गटांसाठी गेमची जगं बांधतोय, सुट्टीत मुलांना शिकवतोही, आणि माझ्या प्रत्येक कामात लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू असतात. एकट्या माणसाने गावातलं प्रत्येक मडकं आणि प्रत्येक दगड स्वतः घडवायचा म्हटलं तर गाव कधीच उभं राहणार नाही. पण फुकट की विकत, हा मुद्दाच नाही. जी वस्तू आपण आत घेतो ती फक्त दिसते, की तिच्या पोटात काही चालतंही, हे बघायचं. झाडाला चालायची गरज नसते. तुमच्या झाडात काहीतरी चालत होतं, आणि ते तुमच्या सर्व्हरवर (गेम जिथून सगळ्यांसाठी चालतो त्या संगणकावर), तुमच्याच अधिकाराने चालत होतं.

हे असं का करतात तेही सांगतो, कारण ते कळलं की कुठे शोधायचं ते आपोआप कळतं. २०१८ पासून रोब्लॉक्सवर फिल्टरिंग एनेबल्ड सगळ्या गेमना सक्तीचं झालं. म्हणजे एखाद्याने स्वतःच्या संगणकावर कितीही लबाडी केली तरी त्याने केलेले बदल बाकीच्यांच्या जगात परस्पर उमटत नाहीत. सर्व्हर सांगेल तेच खरं. त्यामुळे तुमच्या गेमवर कब्जा हवा असेल तर त्याला सर्व्हरवर स्वतःचा कोड हवा, आणि तिथे कोड ठेवायचा अधिकार फक्त तुम्हाला. मग सोपा मार्ग एकच उरतो: तुमच्याच हातून तो आत ठेवून घ्यायचा. सुंदर झाड, छान गाडी, चकचकीत दिवा फुकट द्यायचा आणि आत एक चोरदरवाजा. त्यालाच सगळे बॅकडोर म्हणतात.

तो दिसतो कसा, हे मी एकदा फार जवळून पाहिलं आहे. आम्ही मुलांबरोबर एक एसटी स्टँड बांधला होता. फलाट, बाकडी, पाण्याची टाकी मुलांनीच बनवली. दिव्याचा खांब मात्र मी घाईत टूलबॉक्समधून घेतला. त्या वेळी तो मी तपासला नाही. एका संध्याकाळी अकरा मुलं खेळत असताना आभाळभर शिवीगाळ उमटली आणि एकेकाला गेममधून बाहेर फेकलं गेलं. सर्वांत लहान मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. दोन रात्री शोधल्यावर ते सापडलं. खांब, खांबात काच, काचेत एक वेल्ड (दोन भाग जोडणारा सांधा), आणि त्या वेल्डच्या पोटात आणखी एक ‘वेल्ड’ नावाची वस्तू. नाव वेल्डचं, चिन्ह मात्र स्क्रिप्टचं. उघडली तर पहिल्या ओळीत इंग्रजीत एवढंच: ही काढू नका, दिवा बंद पडेल. बाकी पान कोरं. खालची पट्टी उजवीकडे ओढत गेलो तेव्हा शेकडो रिकाम्या जागांच्या पलीकडे एकच लांबलचक ओळ दिसली. तिच्यात आकडे होते: ११४, १०१, ११३, ११७, १०५, ११४, १०१. प्रत्येक आकड्याच्या जागी त्याचं इंग्रजी अक्षर ठेवलं की ‘रिक्वायर’ हा शब्द तयार होतो. सरळ लिहिला असता तर शोधताना सापडला असता, म्हणून आकड्यांत लपवला होता.

‘रिक्वायर’मध्ये स्वतःत वाईट काही नाही. तुमचे स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे वेगळे लिहून ठेवलेले कोडचे भाग, तुम्ही त्यानेच बोलावता. फरक कंसात काय आहे त्याचा. तिथे तुमच्याच गेममधल्या मॉड्यूलचा पत्ता असेल तर ते घरचं काम. तिथे नुसता लांबलचक क्रमांक असेल तर रोब्लॉक्सवर दुसऱ्या कुणीतरी ठेवलेला ‘मेन मॉड्यूल’ दर वेळी नव्याने खेचून तुमच्या सर्व्हरवर चालवला जातो. यातली ग्यानबाची मेख अशी की तुम्ही आज तो मॉड्यूल उघडून वाचलात आणि तो निर्मळ निघाला, तरी उद्या मालक तो बदलू शकतो. तुमच्या गेममध्ये एक अक्षरही न बदलता वागणूक बदलते. तुमचे पहिले पंधरा दिवस शांततेत का गेले, याचं हेच एक उत्तर असू शकतं. दुसरी शक्यता अशी की कोडमध्येच वाट पाहण्याची अट होती, म्हणजे अमुक इतके लोक खेळायला आल्याशिवाय काही करायचं नाही. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

आता तुमची मुख्य अडचण: काढूनही ते परत का येतं? चालू गेममध्ये स्क्रिप्टने केलेले बदल साधारणपणे सर्व्हर बंद झाला की पुसले जातात, तुमच्या मूळ फाइलमध्ये जात नाहीत. म्हणजे ती स्क्रिप्ट ‘स्वतःहून’ परत उगवत नाहीये. तीनपैकी एक कारण असणार.

सर्वांत जास्त शक्यता कॉप्यांची. तुम्ही झाड लावलंत दीडशे ठिकाणी आणि स्क्रिप्ट काढलीत एका झाडातून. बाकीच्या एकशे एकोणपन्नास तशाच आहेत. दुसरं कारण जुने सर्व्हर. तुम्ही सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केलीत तरी आधीपासून चालू असलेले सर्व्हर जुन्याच आवृत्तीवर चालत राहतात. ते क्रिएटर डॅशबोर्डवरून (रोब्लॉक्सच्या साइटवरचं गेम सांभाळायचं पान) मुद्दाम बंद करावे लागतात. तिसरं कारण जरा त्रासाचं: प्लगइन, म्हणजे स्टुडिओला जोडायचं जादा अवजार. स्टुडिओत तुम्ही एखादा फुकट प्लगइन टाकला असेल तर तो तुमच्या गेममध्ये स्क्रिप्ट घालू शकतो. त्याने तशी परवानगी मागितलेली असते आणि घाईत आपण ‘हो’ म्हणून मोकळे झालेले असतो. ओळखायची खूण सोपी आहे. कोरा बेसप्लेट (नुसती सपाट जमीन असलेली नवी फाइल) उघडा, त्यात काहीही आणू नका, थोडा वेळ काम करा, सेव्ह करा आणि स्क्रिप्ट शोधा. कोऱ्या जागेतही ती सापडली तर दोष झाडाचा नाही, प्लगइनचा आहे. तसं झालं तर सगळे प्लगइन काढा आणि खरोखर लागणारे एकेक करून परत घ्या. नामांकित प्लगइनच्या नावाची आणि चित्राची हुबेहूब नक्कल करून ठेवणारे पुष्कळ आहेत, म्हणून परत घेताना नावाऐवजी तो कुणाच्या खात्यावरून आला ते बघा. तुमच्याबरोबर टीम क्रिएटमध्ये, म्हणजे एकाच फाइलवर मिळून, कोणी काम करत असेल तर त्यांच्या संगणकावरचा प्लगइनही हेच करू शकतो, तेव्हा त्यांनाही ही चाचणी करायला सांगा.

साफसफाई करताना क्रम महत्त्वाचा. आधी गेम खासगी करा आणि चालू सर्व्हर बंद करा. दुरुस्तीच्या घाईत लोक हे विसरतात आणि तेवढ्या वेळात आणखी खेळाडू पोळतात. मग आत्ता आहे तशी फाइल संगणकावर वेगळी जतन करा, नंतर तपासायला ती लागेल. त्यानंतर जुन्या आवृत्त्यांमध्ये जाऊन झाड आणण्याच्या आधीची आवृत्ती उघडून बघा. झाडानंतर तुम्ही फार काम केलं नसेल तर तिथूनच पुढे जा. पंधरा दिवसांचं काम जात असेल तर मागे जाऊ नका, आत्ताचीच फाइल धुऊन काढा.

ती धुवायची कशी? एक्सप्लोररमध्ये (स्टुडिओतली सगळ्या वस्तूंची यादी) नावाने शोधण्यात अर्थ नाही, नाव काहीही ठेवता येतं. प्रकार बघायचा. मी कमांड बारमध्ये (स्टुडिओत थेट कोड चालवायची पट्टी) चार ओळींचा लूप चालवतो: वर्कस्पेसच्या, म्हणजे जगात दिसणाऱ्या वस्तूंच्या विभागाच्या, पोटातल्या सगळ्या वस्तू घ्यायच्या आणि जी ‘लुआ सोर्स कंटेनर’ या जातीची असेल तिचं पूर्ण नाव पत्त्यासकट छापायचं. साधी स्क्रिप्ट, लोकल स्क्रिप्ट आणि मॉड्यूल स्क्रिप्ट या तिन्ही त्यात येतात. यादीत जे पत्ते झाडं, दगड, घरं, कुंपणं यांच्यातले असतील ते सगळे उडवा. तिथे वाचत बसायचीही गरज नाही. वर्कस्पेस झाल्यावर हेच बाकीच्या विभागांसाठीही करा.

उरलेल्या, म्हणजे खरोखर लागणाऱ्या स्क्रिप्टसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकत्र दाबून सगळ्या गेममध्ये हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा: ‘रिक्वायर’ आणि त्यापुढे क्रमांक, ‘गेटएफएन्व्ह’, ‘लोडस्ट्रिंग’, ‘एचटीटीपी सर्व्हिस’, ‘टेलिपोर्ट सर्व्हिस’, ‘इन्सर्ट सर्व्हिस’, आणि खरेदीची चौकट उघडणारा ‘प्रॉम्प्ट परचेस’. यातला प्रत्येक शब्द चांगल्या कामालाही वापरला जातो, म्हणून दिसला की कापला असं करू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने घाबरून शब्द दिसेल तिथे स्क्रिप्ट उडवल्या आणि त्याची स्वतःची दुकानाची यंत्रणा मोडून बसला. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: हे मी लिहिलंय का, किंवा याची इथे काय गरज आहे हे मला सांगता येतंय का? पण आकड्यांची माळ, उलटी लिहिलेली अक्षरं, अर्थहीन नावांचा गुंता, उजवीकडे पळवलेला कोड असं काही दिसलं तर विचार करत बसू नका. ज्याने कोड मुद्दाम वाचता येऊ नये असा लिहिला, त्याचा कोड आपल्या सर्व्हरवर ठेवायचा नाही.

शिवाय गेमच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जा. बाहेर एचटीटीपी विनंत्या पाठवायची परवानगी मुळात बंद असते. ती तुम्ही कधी चालू केली असेल आणि लागत नसेल तर बंद करा. ‘लोडस्ट्रिंग’चंही तसंच, फक्त ती खूण ‘सर्व्हर स्क्रिप्ट सर्व्हिस’च्या गुणधर्मांत असते. दुसऱ्यांच्या गेममध्ये खेळाडू नेण्याची आणि दुसऱ्यांच्या वस्तू विकण्याची परवानगी मात्र सुरक्षेच्या सेटिंगमध्येच असते. तुम्ही सांगितलेले दोन्ही त्रास नेमके याच दोन दारांशी जोडलेले दिसतात, त्यामुळे त्या दोन खुणा आधी बघा.

खेळाडूंची साठवलेली माहिती, म्हणजे त्यांचे पैसे, वस्तू, पातळी, हा वेगळा भाग आहे. गेमची आवृत्ती मागे नेली म्हणून ही माहिती जिथे साठते ते डेटा स्टोअर मागे जात नाही. चोरदरवाजाने तिथे हात घातला असेल तर कुणाच्या खात्यात अचानक लाखो जमा झालेले किंवा शून्य झालेले दिसतील. डेटा स्टोअर प्रत्येक नोंदीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस ठेवतं, तेवढ्या मुदतीत परत आणता येतात. तुमचे पंधरा दिवस आधीच गेलेत, तेव्हा हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यापुढे वस्तू कशी निवडायची, हे वस्तूवर अवलंबून आहे, सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही. झाड, दगड, घर, मडकं अशी शोभेची वस्तू असेल तर बनवणारा कोण, आवडी किती, याची मी फारशी फिकीर करत नाही. ती वेगळ्या कोऱ्या फाइलमध्ये आणतो, तिच्यातल्या सगळ्या स्क्रिप्ट काढतो, चालवून बघतो आणि मगच कॉपी करून मूळ गेममध्ये नेतो. स्क्रिप्ट काढल्यावर त्या झाडात फक्त आकार आणि रंग उरतो. टूलबॉक्समध्ये मॉडेलच्या माहितीत आत किती स्क्रिप्ट आहेत तेही बघता येतं. एका दगडात तीन स्क्रिप्ट दिसल्या तर तो दगड घेऊच नका, दगडांना तोटा नाही.

गाडी, दार, शस्त्र, दुकान, लिफ्ट अशा चालणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. स्क्रिप्ट काढली तर त्यांना अर्थच उरत नाही. इथे मी दोनच वाटा मानतो. एक तर कोड पूर्ण वाचा, ओळ न् ओळ. वाचता येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडून वाचून घ्या. नाहीतर आकार फुकटचा घ्या आणि हालचाल स्वतः लिहा. दार उघडायची स्क्रिप्ट पंधरा-वीस ओळींची असते. ती लिहिताना जेवढं शिकाल तेवढं दहा तयार दारं लावून शिकणार नाही, हे मी मुलांच्या बाबतीत दर उन्हाळ्यात बघतो. आवडींची संख्या आणि वरचं स्थान यांच्यावर विसंबू नका, ते खोट्या खात्यांनी फुगवता येतं. बनवणाऱ्याची बाकीची कामं बघा. वर्षानुवर्षं एकाच शैलीत घरं बनवणारा माणूस आणि कालच खातं उघडून शंभर लोकप्रिय नावांची मॉडेल्स चढवणारा माणूस यांतला फरक पानावर लगेच दिसतो.

कुणी चॅटवर थेट मॉडेलची फाइल पाठवली, किंवा ‘ही ओळ कमांड बारमध्ये टाक, गेम वेगवान होईल’ असं सांगितलं, तर नाही म्हणा. कुठल्याही मॉडेलला तुमचा पासवर्ड किंवा ब्राउझरमधली कुकी लागत नाही. मागणारा चोरच समजा.

सुरक्षेत आणखी एक गोष्ट येते, तिच्याकडे नवे लोक बघतच नाहीत: आपण घेतलेली वस्तू उद्या राहील का? टूलबॉक्समधल्या झाडाचा पोत (पृष्ठभागाचं चित्र), जाळी (आकाराचा सांगाडा), आवाज हे तुमच्या फाइलमध्ये नसतात. तिथे फक्त क्रमांक असतो, वस्तू चढवणाऱ्याच्या खात्याशी जोडलेली असते. मार्च २०२२ मध्ये रोब्लॉक्सने लोकांनी चढवलेले सहा सेकंदांहून मोठे आवाज खासगी केले आणि असंख्य गेम एका दिवसात मुके झाले. नियम बदलायला त्यांच्याकडे कारण होतं, हक्कांचा प्रश्न होता. पण ज्यांनी सगळं पार्श्वसंगीत दुसऱ्यांच्या क्रमांकांवर उभं केलं होतं त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. तुमच्या गावात लाटांचा आवाज, देवळातली घंटा असं काही असेल तर ते स्वतः रेकॉर्ड करून चढवा. किनाऱ्यावर जाऊन फोनवर घेतलेल्या लाटा कुठल्याही टूलबॉक्सपेक्षा तुमच्या गावाला जास्त शोभतील.

आकारांच्या बाबतीत, शक्य तिथे मी टूलबॉक्सच्या बाहेरून वस्तू आणतो. केनी आणि पॉली हेवन या संकेतस्थळांवरच्या वस्तू सीसी शून्य परवान्याखाली आहेत, म्हणजे नाव देण्याचीही अट नाही, पैसे मिळवणाऱ्या गेममध्येही चालतात. ओपन गेम आर्टवर मात्र प्रत्येक वस्तूचा परवाना वेगळा, तो वाचूनच घ्या. ‘सीसी बाय’ असेल तर बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. ‘एनसी’ (व्यापारी वापराला मनाई) असेल आणि तुम्ही गेमपास, म्हणजे गेममधल्या जादा सोयी, विकणार असाल तर ती वस्तू सोडून द्या. बाहेरून ओबीजे किंवा एफबीएक्स (त्रिमितीय आकारांच्या फाइलचे प्रकार) फाइल आणण्याचा एक जास्तीचा फायदा असा की तीत रोब्लॉक्सची स्क्रिप्ट येऊच शकत नाही, फक्त आकार येतो. ब्लेंडर या आकार घडवायच्या प्रोग्रामच्या मूळ फाइलमध्ये पायथनचा कोड असू शकतो, पण ब्लेंडर तो आपोआप चालवत नाही. तो आपोआप चालवायची सोय सेटिंगमध्ये कुणाच्या सांगण्यावरून चालू करू नका. मी एक साधी वही ठेवतो: वस्तू, कुठून घेतली, कधी, परवाना कोणता. दोन वर्षांनी कुणी हक्काची विचारणा केली की त्या वहीची किंमत कळते. आणि एखाद्या नावाजलेल्या सिनेमातल्या किंवा गेममधल्या पात्राचं मॉडेल फुकट दिसलं तर ते चढवणाऱ्याचं असण्याची शक्यता जवळपास शून्य धरा. तक्रार आली की ते तुमच्या गेममधूनही जातं.

आज एवढंच करा: गेम खासगी, सर्व्हर बंद, कोऱ्या बेसप्लेटची चाचणी, मग झाडांची धुलाई. ते मॉडेल रोब्लॉक्सकडे रिपोर्टही करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात आणखी कुणीतरी तेच झाड लावेल. चाचणीत काय निघालं ते कळवा आणि सापडलेल्या स्क्रिप्टची पहिली आणि शेवटची ओळ मला पाठवा, मी वाचून सांगतो. मॉडेलचा क्रमांक मात्र उघड्यावर लिहू नका, बघायला म्हणून कुणीतरी ते आपल्या गेममध्ये आणेल.